वाईतापूची एकमुखी चव

ब्रिस्बेनच्या संगणकाला सामोआतलं वाईतापू गाव फार आवडलं. देशोदेशीच्या चवचाचण्यांचे आकडे त्याने आजवर पचवले होते, पण एकाही माणसाचं दुसऱ्याशी बिनसलेलं नाही असं गाव त्याला पहिल्यांदाच भेटत होतं. अळूच्या कंदाचे तीन वाण, ते चाखायला गावातली झाडून सगळी घराणी, आणि मत मात्र एकच: सात नंबर फक्कड, अकरा नंबर ठीक, बावीस नंबर नको.

“अशी एकवाक्यता मी उभ्या कारकिर्दीत पाहिली नाही,” प्रोफेसर ग्रीव्ह पडद्यावरून म्हणाले. नातवाचा फोटो दाखवताना माणसाचा चेहरा होतो तसा त्यांचा झाला होता. “मला वाटतं, आपल्या सगळ्यांचंच मत झालेलं आहे.”

पडद्यावरच्या चौकोनांनी माना डोलावल्या. आधी प्रोफेसरांच्या शेजारच्या खोलीतल्यांनी, मग ऑकलंडने, मग फिजीने आणि शेवटी, इंटरनेट जसं पोचेल तसं, टोंगाने. सामोआच्या चौकोनात डॉ. सिनिवा बसली होती. तिची मानही थोडी हललीच. नंतर तिने स्वतःला समजावलं की तो डास होता.

कामाची वाटणी मोठी छान होती. सामोआने संकर करून अळूचे नवे वाण जन्माला घालायचे, ब्रिस्बेनने पानाच्या तुकड्यातून जनुकं वाचून त्या वाणांचं भविष्य सांगायचं, आणि निवडून आलेला वाण फिजीच्या जीन बँकेने टिश्यू कल्चर करून, रोगमुक्त करून, बेटाबेटांना वाटायचा. फिजीची प्रयोगशाळा एका फेरीत एकच वाण हाताळू शकत होती. बाकीचे मागे राहणार, आणि मागे राहिलेल्या वाणांचं काय होतं हे सिनिवाला ठाऊक होतं. तिच्या संशोधन केंद्राच्या मागच्या तुकड्यावर ते डुकरांची वाट पाहत उभे असतात.

तिला बावीस नंबर हवा होता. ती शाळेत असताना देशात करपा आला आणि अळूची पानं ओल्या कागदासारखी विरघळून गेली. त्या वर्षी रविवारच्या जेवणात भात आला, पुढच्या वर्षीही आला, आणि पाहुण्यासमोर अळू ठेवता येत नाही म्हणून थोरामोठ्यांच्या माना खाली गेलेल्या तिने पाहिल्या. पुढे करप्याला तोंड देणारे वाण निघाले, सगळं सुरळीत झालं, लोक विसरले. सिनिवा विसरली नाही, कारण तोवर तिने त्याच विषयात पदवी घेतली होती. आणि आता डोंगरावरच्या वाड्यांमध्ये करप्याची नवी जात सापडली होती. प्रयोगशाळेत तिचे बीजाणू पानांच्या चकत्यांवर सोडले की सात नंबरची चकती बघता बघता काळी पडत होती. बावीस नंबरवर डाग उठायचा, थोडा पसरायचा आणि थांबायचा.

पण लोक खात नाहीत तो वाण कितीही चिवट असला तरी वाया, हे तत्त्व खुद्द तिनेच पहिल्या बैठकीत मांडलं होतं. प्रोफेसरांनी ते तिच्या नावासकट टिपून ठेवलं होतं.

बैठक संपली तेव्हा ब्रिस्बेनच्या लिन्ह त्रानचा निरोप आला. लिन्ह आकडेवारीचं काम बघायची आणि बैठकीत कधी बोलायची नाही. निरोप एका ओळीचा होता: “डॉक्टर, एक विचारू का? वाढप कोणी केलं होतं?”

सिनिवाने तो दोनदा वाचला.

वाढप तिनेच केलं होतं. लिन्हने पाठवलेला क्रम तिच्याजवळ होता: कोणाला कुठलं भांडं आधी, कोणाला नंतर, सगळं नीट पिसून काढलेलं. सभेच्या घरात खांबाखांबाला टेकून मताई, म्हणजे घराण्यांचे प्रमुख, बसले होते, आपापल्या घराण्याच्या मानाप्रमाणे. सिनिवा त्याच गावची लेक. ती भांडी घेऊन आत आली, वाकली, आणि डोक्यातल्या विद्यापीठाला न विचारता तिच्या हातांनी सगळ्यात मोठा, गोल, वाफाळता कंद उचलून गावच्या थोरल्या मताईंपुढे, तुइआनांपुढे ठेवला. तो सात नंबर होता. मग उतरत्या मानाने पुढे. बारीक, शेपटीवाला बावीस नंबर कोणापुढे आधी ठेवावा असा दिसतच नव्हता, म्हणून तो तळाला गेला आणि फिरत फिरत वर पोचेस्तोवर गार झाला. गार अळू म्हणजे काय हे सांगायला नको. तुइआना तोवर सात नंबरला “फक्कड” म्हणून मोकळे झाले होते आणि हात पुसत होते. त्यांच्यानंतर प्रत्येकाला फक्कडच वाटलं.

“काय गं, चेहरा का असा?” लोसाने विचारलं. “भट्टीतून काढायचा राहिला की काय?”

लोसा केंद्रातल्या टिश्यू कल्चरची प्रमुख. काचेच्या नळ्यांशी ती जेवढ्या हळुवारपणे वागायची तेवढ्या हळुवारपणे माणसांशी वागायची गरज तिला कधी वाटली नव्हती.

सिनिवाने सगळं सांगितलं. लोसाने ऐकून घेतलं.

“म्हणजे तू दोन पदव्या घेतल्यास, ब्रिस्बेनला राहून आलीस, आणि शेवटी आईने शिकवलं तसं वाढलंस.”

“हो.”

“मग आई जिंकली. आता?”

“आता पुन्हा चाचणी.”

“वाईतापूत? तुइआनांचं मत झाल्यावर?” लोसा हसली. “मी तुझ्या बावीस नंबरच्या नळ्यांची फळी आत्ताच रिकामी करून ठेवते.”

सिनिवाने ब्रिस्बेनला स्पष्ट लिहिलं: चाचणी चुकली, चूक माझी, निर्णय थांबवा. प्रोफेसर सज्जन होते. ऑक्टोबरअखेरच्या बैठकीपर्यंत ते थांबायला तयार झाले. एवढ्या सुंदर आकड्यांचं असं व्हावं याचं त्यांना मनापासून दुःख झालं, तेही त्यांनी लिहिलं. लिन्हने तिच्या परीने उपाय सुचवला: लहान मुलं खरं बोलतात, त्यांनाच चाखायला द्यावं. पण त्यासाठी विद्यापीठाच्या नीतिसमितीची परवानगी लागणार होती, आणि ती येईपर्यंत त्या मुलांना मुलं झाली असती.

*

फालानिको मामा मांडीवर काथ्याचे धागे घासत दोरी वळत बसले होते. ते गावचे वक्ते. थोरला मताई गावाचा मान, आणि वक्ता गावाची जीभ. तुइआनांनी एक शब्द बोलायचा आणि मामांनी त्याची मिरवणूक काढायची, असं कैक वर्षं चाललं होतं.

“मामा, अळूची चव पुन्हा घ्यायची आहे.”

“का? पहिली सांडली?”

“चुकली.”

“कोणाची?”

“माझी. मी अफिओगांना आधी वाढलं.” थोरल्यांचा उल्लेख गावात असाच होतो, नाव न घेता. “मोठं वाढलं. गरम वाढलं.”

मामांनी दोरी वळणं थांबवलं नाही. “पोरी, तू खूप शिकलीस म्हणून सांगतो. ह्याला चूक म्हणत नाहीत. वळण म्हणतात.”

“मामा, त्या वळणापायी बावीस नंबर मरतोय.”

“मरू दे. अफिओगांनी सांगितलं ना, नको म्हणून?”

“गार खाल्ला हो त्यांनी!”

“मग पुढच्या वेळी गरम वाढ.”

“तेच तर म्हणतेय! पुढची वेळ पाहिजे!”

आता मामांनी दोरी खाली ठेवली. सिनिवा चवड्यावर होती ती मांडी घालून बसली. म्हणजे लवकर उठायचं नाही, हे मामांना कळलं.

“उलट क्रमाने वाढलं तर?” तिने विचारलं. “खालून वर?”

“वाढ की. आणि मग मी अंगावर चटई पांघरून त्यांच्या दारात ओणवा बसतो, खून केलेल्याच्या घरचे माफीसाठी बसतात तसा. ते विचारतील, कोणाला मारलंस? मी सांगेन, भाचीने अळू वाढलं.”

“प्रत्येकाला वेगळं बसवून दिलं तर?”

“गावाने वेगवेगळं बसून जेवायचं? आपण काय विमानात आहोत?”

“निदान अफिओगांनी शेवटी बोलावं.”

“ते शेवटी बोलले तर बाकीचे तोवर काय बोलतील? काय बोलायचं ते कळल्याशिवाय माणसाने बोलावं तरी कसं?”

सिनिवा उठली नाही. पलीकडे चर्चमधून पोरांचा कालवा येत होता. मुलांच्या रविवारची तालीम चालली होती. कोणीतरी पाठ केलेली ओवी चुकत होतं, पाद्रीबाई खेकसत होत्या, आणि पोरगं पुन्हा तिथेच चुकत होतं.

“मामा,” ती म्हणाली, “मुलांच्या रविवारी आधी कोण जेवतं?”

“पोरं. विसरलीस की काय?”

“वाढतं कोण?”

“आम्ही. अफिओगासुद्धा ताटं उचलतात. मागच्या वर्षी आइस्क्रीम वितळलं म्हणून कोणाच्या तरी कारट्याने त्यांना परत पाठवलं. गेले बिचारे.”

“आणि पोरांचं झालं की मोठी माणसं कशी जेवतात?”

“कशी म्हणजे? मागे, स्वयंपाकाच्या छपरात. उभ्याने. हाताला लागेल ते.” मामा बोलता बोलता थांबले. भाची आपल्याकडे टक लावून बघते आहे हे त्यांच्या ध्यानात आलं.

“कुठल्या क्रमाने, मामा?”

मामांनी तोंड उघडलं आणि मिटलं. गावाच्या जिभेवर असा प्रसंग सहसा येत नसे.

“त्या दिवशी क्रम नसतो,” ते शेवटी म्हणाले. “पण म्हणून काय झालं? विचारणार कोण त्यांना?”

“मी विचारते. तुम्ही फक्त माझ्याआधी बोला.”

“किती वेळ?”

“ते थकेपर्यंत.”

*

मामा बोलले. गावाची वंशावळ, डोंगर, खाडी, पूर्वजांच्या होड्या, त्या होड्यांतून आलेलं पहिलं अळू, असं करत करत ते भाचीपाशी पोचले तेव्हा दारातली सावली अंगणभर झाली होती. तुइआना डोळे मिटून ऐकत होते. थोराड अंगाचे, पांढऱ्या केसांचे, आणि आवाज इतका हळू की माणसं पुढे झुकत. झुकावं लागलं नाही असा आवाज त्यांनी कधी काढलेलाच नव्हता.

“म्हणजे मी बोललो ते खोटं होतं?” त्यांनी विचारलं.

“नाही अफिओगा,” सिनिवा म्हणाली. “आपण खरंच बोललात. सात नंबर गरम होता, बावीस नंबर गार होता. आपण गरम अळू चांगलं म्हणालात. पण तेवढं ब्रिस्बेनला आधीच माहीत होतं.”

मामांना ठसका लागला.

“मला आधी वाढलंस ही तुझी चूक?”

“हो.”

“आणि तू ती माझ्यासमोर कबूल करतेस.”

“हो.”

“फालानिको,” तुइआना म्हणाले, “आजवर माझ्याकडे खूप माणसं माफी मागायला आली. मान राखला म्हणून माफी मागणारी ही पहिली.”

“शिकलेली आहे,” मामा पडेल आवाजात म्हणाले.

सिनिवाने टोपलीतून दोन पानं काढली आणि चटईवर ठेवली. एका पानावर काळे, ओले चट्टे एकमेकांत मिसळले होते आणि मध्ये भोकं पडली होती. दुसऱ्यावर इथे तिथे करडे ठिपके होते, वाळलेले.

“करपा नवा आहे, दोन्ही पानांवर एकाच दिवशी सोडलेला,” ती म्हणाली. “हे सात नंबर. हे बावीस.”

तुइआनांनी चट्ट्यांचं पान उचललं. ते बोटांत फाटलं. त्यांनी बोटं कमरेला गुंडाळलेल्या लावालावाला पुसली, आणि त्यानंतर ते कितीतरी वेळ पुसतच राहिले.

“डोंगरावर आलाय?”

“आलाय. खाली यायचा आहे.”

“त्या वर्षी मी ह्या घरात पाहुण्यांपुढे भात ठेवला होता,” ते म्हणाले. “ते काही बोलले नाहीत. चांगली माणसं होती. अजून आठवतं मला, ते कसे काही बोलले नाहीत.”

“अफिओगा, बावीस नंबर चवीला वाईट असेल तर मी स्वतः उपटून टाकीन. पण वाईट आहे की गार होता, एवढं मला कळू द्या.”

“आणि मी काय करायचं?”

“इतरांसारखंच चाखायचं आणि…” इथे मात्र तिला श्वास घ्यावा लागला. “आणि गप्प राहायचं.”

मामा छताकडे बघू लागले. बाहेर कोंबडी ओरडली.

“गप्प राहायचं,” तुइआना म्हणाले. “हे मला कोणी कधी सांगितलं नाही. बायकोनेसुद्धा नाही. तिला सांगायची गरजच पडत नाही.” आणि ते हसले. मामाही हसले, पण एक क्षण उशिरा; हसायचं आहे याची खात्री करून घेऊन.

*

मुलांच्या रविवारी वाईतापू पहाटेपासून नव्या कपड्यांनी पांढरंशुभ्र होतं. चर्चमध्ये पोरांनी ओव्या म्हटल्या, चुकणारं पोरगं तिथेच चुकलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग पोरं सभेच्या घरात मताईंच्या जागांवर, खांबांना टेकून बसली आणि मताई ताटं घेऊन धावू लागले. कोंबडी, नारळाच्या दुधातली अळूची पानं, डुकराचं मांस, नूडल्स, आइस्क्रीम. तुइआना पंख्याने माशा वारत होते. “आजोबा, इकडे पण वारा,” असा हुकूम सुटला की तिकडे जात होते.

मागे छपरात सिनिवा आणि लोसा तापलेल्या दगडांवरची पानं बाजूला करत होत्या. तिन्ही वाण एकाच भट्टीत, सारख्याच आकाराचे तुकडे, केळीच्या पानात बांधलेले. कुठल्या वाणाच्या पुडीच्या दोरीला किती गाठी मारायच्या ते लिन्हने ठरवून फक्त लोसाला कळवलं होतं. एक गाठ, दोन गाठी, तीन गाठी. लोसाने बांधल्या होत्या आणि सिनिवाला बघू दिलं नव्हतं.

“तुझ्या हातांवर माझा विश्वास नाही,” लोसाने सांगितलं होतं. “त्यांच्यावर तुझ्या आईचा ताबा आहे.”

कोपऱ्यात चटई टांगली होती. तिच्या मागे तीन करवंट्या, त्यांनाही तशाच गाठी. जे अळू रविवारी आपल्या घरी पानात चालेल त्याच्या करवंटीत खडा टाकायचा. तिन्ही चालली तर तिन्हींत टाका, नाहीतर खडे खिशात घालून घरी न्या. चटईमागे एकेकाने जायचं.

पोरांचं आटोपलं आणि मोठी माणसं घामाघूम होऊन छपरात शिरली. जो आला त्याच्या हातात लोसाने तीन पुड्या आणि तीन खडे दिले. तुइआना आले तेव्हा त्यांच्यापुढे दोघंजण होते, आणि ते दोघं बाजूला व्हायच्या आत लोसा खेकसली, “रांग!” तुइआना रांगेत उभे राहिले. सिनिवाने भट्टीतल्या दगडांकडे बघण्यात धन्यता मानली.

मग सगळे उभ्याने खाऊ लागले. सुरुवातीला कोणी बोललं नाही. माणसं चावत होती आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून तुइआनांच्या जबड्याकडे बघत होती. तुइआना चावत होते. चेहरा दगडाचा. त्यांनी एक पुडी संपवली, दुसरी संपवली, तिसरी संपवली, आणि हूं की चूं न करता चटईमागे जाऊन आले.

गावावर अवघड प्रसंग आला. काय आवडलं ते कोणाला कळेना.

शेवटी सेलेपा बोलली. ती खाडीवर जाळं टाकणारी, स्वतः मताई नव्हे, आणि दिवसभर पोरांची उष्टी काढून तिचा संयम संपला होता. “हे तीन गाठींचं कोणी आणलं? साबण आहे साबण!”

“साबण?” तिच्या दिराने विचारलं. “अगं, तेच तर खरं अळू! दाताला लागतंय बघ कसं!”

“तुला दात आहेत कुठे?”

“असू दे. तुझ्या एक गाठवाल्यापेक्षा बरं. ते म्हणजे पावसात भिजलेला पाव.”

“पाव? माझ्या आजीच्या वेळचं अळू असंच होतं!”

“तुझी आजी आंधळी होती!”

“जिभेने नव्हती!”

आणि छपरात एकदम बाजार भरला. नवरा-बायकोंची मतं फुटली, भावाभावांची फुटली. पाद्रीसाहेबांनी दोन्ही बाजूंत तथ्य आहे असं म्हणून पाहिलं तर दोन्ही बाजू त्यांच्यावर उलटल्या. मामा, ज्यांचं उभं आयुष्य दुसऱ्याचं मत पल्लेदार करून सांगण्यात गेलं होतं, ते हातात रिकामं पान घेऊन एकेकाला विचारत होते, “मला मऊ आवडतं का रे? मी नेहमी कुठलं घेतो?”

सिनिवा भिंतीला टेकून ऐकत होती. एवढं मधुर भांडण तिने कधी ऐकलं नव्हतं.

तुइआना तिच्या शेजारी येऊन उभे राहिले.

“मला वाटायचं, गावाला आणि मला एकच आवडतं,” ते म्हणाले. आवाज नेहमीसारखाच हळू, पण आज कोणी झुकलं नाही, भांडणात कोणाला ऐकूच आलं नाही. “इतकी वर्षं ही सगळी माझ्या जिभेने जेवत होती. कोणी सांगायचं तरी.”

“वाईट वाटलं, अफिओगा?”

त्यांनी विचार केला. “भूक लागली. दोन गाठींचं आणखी आहे का?”

संध्याकाळी लिन्हने गाठी उघड केल्या. तीन गाठी म्हणजे सात नंबर. एक गाठ म्हणजे बावीस. दोन गाठी म्हणजे अकरा नंबर, ज्याच्या करवंटीत जेमतेम तळ झाकेल एवढे खडे पडले होते. ही गोष्ट सिनिवाने कोणालाच सांगितली नाही, तुइआनांना तर नाहीच.

सात आणि बावीसच्या करवंट्या मात्र जवळजवळ सारख्या भरल्या होत्या. सात किंचित पुढे होता. लोसाने तीनदा मोजलं, कारण सिनिवाने तीनदा मोजायला लावलं. तिन्ही वेळा सात किंचित पुढेच होता.

“एक खडा इकडचा तिकडे पडला तर कोण बघतंय?” लोसा म्हणाली.

“मी बघतेय.”

“तेच म्हटलं. मग उगाच येरझारा घालू नकोस, जे आहे ते पाठव.”

*

बैठकीत प्रोफेसर ग्रीव्ह यांनी आधी वाईतापूच्या एकवाक्यतेला श्रद्धांजली वाहिली. मग म्हणाले, “तर आता बावीस नंबर चवीला उत्तीर्ण आहे, हे मान्य. पण सात अजूनही पुढे आहे, उत्पन्नातही पुढे आहे, आणि आमच्या संगणकाचा कौलही त्यालाच आहे. नव्या करप्याचे नमुने अजून थोडेच आहेत, त्यावरून घाबरून जाण्यात अर्थ नाही. मला वाटतं, आपल्या सगळ्यांचंच…”

ब्रिस्बेनच्या चौकोनांत माना पुढे झुकू लागल्या होत्या. ऑकलंड तयारीत होतं.

“थांबा,” सिनिवा म्हणाली. “कोणी मान हलवू नका.”

माना जागच्या जागी राहिल्या. एकाची तर अर्धी झुकलेलीच राहिली.

“संगणकाने कौल दिला तो जुन्या करप्याचे आकडे खाऊन. त्याला नवा करपा आम्ही अजून वाढलेलाच नाही.” तिने पडद्यावर चकत्यांचे फोटो लावले, वर सातच्या, खाली बावीसच्या. वरची ओळ काळी होती. “हे बघा, आणि कोणीही काही न बोलता आपलं मत लिन्हकडे पाठवा. लिन्ह नावं काढून टाकेल. मग आपण बोलू.”

“सिनिवा,” प्रोफेसर मायेने म्हणाले, “आपण शास्त्रज्ञ आहोत. आपल्याला ह्या गोष्टींची गरज नसते. इथे प्रत्येकजण मोकळेपणाने बोलतो.”

कोणीच काही बोललं नाही.

“आमच्या गावच्या थोरल्यांनाही तसंच वाटायचं,” सिनिवा म्हणाली. “मग त्यांनी एक दिवस गप्प राहून बघितलं. त्यांना जमलं, प्रोफेसर.”

तिच्या मागे लोसाने नळ्यांची फळी उगीचच पुसायला घेतली. प्रोफेसरांनी चष्मा काढला, पुसला, घातला. सिनिवाला वाटलं, झालं, पुढच्या वर्षीचा करारही गेला. पण तिने फोटो पडद्यावरून काढले नाहीत.

“ठीक आहे,” प्रोफेसर म्हणाले. “लिन्ह, पाच मिनिटं.”

पाच मिनिटं पडद्यावर माणसं खाली मान घालून बसली होती, परीक्षेला बसल्यासारखी. मग लिन्ह बोलली. बैठकीत तिचा आवाज बऱ्याच जणांनी पहिल्यांदाच ऐकला.

“बावीस,” ती म्हणाली. “दोन मतं सोडून सगळी.”

प्रोफेसरांनी चष्मा पुन्हा काढला.

“मला वाटलं होतं,” प्रोफेसर सावकाश म्हणाले, “तुम्हा सगळ्यांना सातच हवा आहे.”

“आम्हालाही तसंच वाटत होतं, सर,” फिजीच्या जीन बँकेची वासिती म्हणाली. नंतर ती हसली, आणि मग तिच्या मागचं कोणीतरी हसलं. “सिनिवा, कोंब कधी पाठवतेस? रोगमुक्त करायलाच पुढचा पावसाळा उजाडेल, उशीर करू नको.”

“गुरुवारच्या विमानाने.”

“ह्या गुरुवारच्या?” लोसा मागून ओरडली. “अगं बाई, मी काय कोंबडी आहे, रोज घालायला?”

पडदा बंद झाल्यावर सिनिवा बसून राहिली नाही. बावीस नंबर कायमचा टिकणार नव्हता, हे तिला कोणी सांगायला नको होतं. करपाही त्याच्या परीने संशोधन करत होता, आणि त्याला बैठका नव्हत्या, करार नव्हते, थोरले नव्हते. जो बीजाणू उगवला तो कामाला लागत होता. तिने पायात गमबूट चढवले आणि पराग गोळा करायचा ब्रश खिशात टाकला. मागच्या तुकड्यावर अळूला फुलं आली होती, आणि ऊन चढायच्या आत दोन तरी संकर उरकायचे होते.